भैरोबाची मोटार

भिवराबाई रस्त्यावर आडवी झाली तेव्हा तिच्या लेकाचा, बंकटचा, डावा पाय किलचवर होता. मोटारीचं यंत्र धडधडत होतं, गेर टाकलेला होता, आणि समोर तीन हातांवर आई उताणी पडून आभाळाकडे बघत होती. बंकटला आधी वाटलं, उन्हाने भोवळ आली असेल. मग तिने लुगडं घोट्यापर्यंत सारखं केलं, दोन्ही पाय जुळवले, हात अंगालगत घेतले, तेव्हा त्याला कळलं की ती पडलेली नाही, आपणहून झोपलेली आहे.

हलगी थांबली. वेशीपाशी सगळं गाव जमलं होतं. मोटारीच्या मागच्या गादीवर भैरोबाचा चांदीचा मुखवटा होता आणि त्याला दोन्ही हातांनी सावरून पंडित गुरव बसला होता. पुढे बंकटच्या शेजारी, जरीचा फेटा बांधलेले सुंदरराव देशमुख होते. मोटार त्यांची, जत्रेचा पहिला मान त्यांचा, आणि यंदा देवाने पालखीऐवजी मोटारीत बसावं ही कल्पनाही त्यांचीच.

कल्पना झकास आहे असं म्हणणारे गावात चौघे होते, आणि ते चौघेही देशमुखांच्या पंगतीला बसणारे. बाकीच्यांनी तोंडं शिवून घेतली होती. सटवाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पालखीला पुढचा खांदा दिलेला. तो बिचारा आठ दिवस आपला खांदा चोळत हिंडत होता. पण बोलणार कोण? निजामाच्या मोगलाईत त्या काळी मोटार बघायची तर औरंगाबादेला जावं लागे, आणि इथे ती उमापूरच्या पलीकडच्या एका धुळकट गावात येऊन उभी राहिली होती. बदली झालेल्या कुणा साहेबाकडून देशमुखांनी ती घेतली होती. आसपासच्या देशमुख-पाटलांच्या पोटात त्यामुळे दुखत होतं, आणि सुंदररावांना ते कळत होतं, आणि त्यामुळे त्यांना फार बरं वाटत होतं.

देवाला मोटारीत कसं बसवायचं यावर देवळात तीन बैठका झाल्या. गादी चामड्याची, म्हणून आधी तिच्यावर घोंगडं, मग लाल कापड, मग देव. मुखवट्याचं तोंड पुढे की गावाकडे, छत्री कुणी धरायची, गुलाल काचेवर उधळायचा की नाही, सगळं ठरलं. एक गोष्ट मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही, कारण ती कधी ठरवावी लागली नव्हती. पालखी वेशीपाशी आली की ज्याची कंबर धरली आहे, ज्याचा ताप उतरत नाही, जिची कूस उजवत नाही, अशी माणसं रस्त्यात ओळीने आडवी पडत आणि पालखीवाले त्यांना ओलांडून जात. देव वरून गेला की दुखणं मातीत राहतं, असा गावाचा भरवसा. यंदाही तशी पंधरा-वीस माणसं येऊन थांबली होती. पण मोटार जवळ आली, तिची चाकं दिसली, आणि सगळी कडेला सरकून एकमेकांची तोंडं बघू लागली.

सुंदररावांचा चेहरा उतरत चालला होता. कुणीच आडवं पडलं नाही तर त्याचा अर्थ उघड होता. गावाने मोटारीला पालखी मानलं नव्हतं. आणि तेवढ्यात गर्दीतून भिवराबाई पुढे आली आणि धुळीत झोपली.

"बघा," सुंदरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डायवरची माय हाय. तिला भरवसा हाय."

पंडित गुरवाने मागून मान उंच करून पाहिलं. चाकं असल्यावर असं आडवं पडून भागणार नाही, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं. तिला रस्त्याच्या रोखाने झोपवा, म्हणजे चाकं दोन्ही अंगांनी जातील आणि देव बरोबर मधून जाईल, असं त्याने सांगितलं. दोन बायांनी तिला तसं वळवलं. आता तिचं डोकं मोटारीकडे होतं, आणि मोटारीच्या तोंडाशी लोंबणारं लोखंडी हँडल तिच्या कपाळापासून हातभर अंतरावर होतं.

"चल बंकट," सुंदरराव म्हणाले. "हळू घे."

मोटार चालवण्यातलं बंकटला बरंचसं आलं होतं. नेमकं हळू येत नव्हतं.

तो पाच गावांतला नामी गाडीवान. देशमुखांच्या घरच्या बायका दमणीतून जायच्या तेव्हा कासरा त्याच्याच हाती असायचा. त्याने कासरा जरा सैल सोडला की जोडी असं पाऊल उचलायची की आत बसलेल्या बाईच्या हातातला भरला तांब्या हिंदकळत नसे. म्हणून मोटार आली तेव्हा देशमुखांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. शिकवायला औरंगाबादेहून जलालमियाँ आले, बारा दिवसांच्या बोलीवर. गावाबाहेरच्या माळावर रोज सकाळी शिकवणी चाले. जलालमियाँ मोठा सोशिक माणूस होता, पण त्यांचं सगळं शिकवणं बंकटच्या डाव्या पायापाशी येऊन अडायचं.

"दूध पो मलई आती ना मियाँ, वैसा आहिस्ता छोडो पाँव," ते रोज सांगत.

बंकट आहिस्ता सोडायला जाई आणि मोटार बेडकासारखी उडी मारे. कधी उडी मारून बंद पडे, कधी उडी मारून सुसाट सुटे. एकदा सुटली की मग तो तिला माळभर बरी फिरवे. चाक वळवणं आलं, बिरेक आला. पण थांबलेली मोटार हलवायची म्हटलं की धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. वीस वर्षं तो नुसता हात सैल सोडत आला होता आणि पुढचं सगळं बैलांनी केलं होतं. या यंत्राला आपली अक्कल नाही, जे करायचं ते आपल्याच पायाने करायचं आहे, हे त्याच्या डोक्याला कळे. पायाला कळत नसे.

दहाव्या दिवशी जलालमियाँनी विचारलं, "आ गया?" त्यांच्या भाचीचं लग्न होतं, त्यांना दोन दिवस आधी निघायचं होतं. बंकट म्हणाला, "आ गया." जलालमियाँनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि बिछाना गुंडाळला.

आता हे बंकटने का केलं? तो लबाड नव्हता. पण गावाने तोवर त्याला बंकटराव म्हणायला सुरुवात केली होती. बैलांमागे वीस वर्षं चालून जे मिळालं नव्हतं, ते मोटारीला नुसतं टेकून उभं राहिल्याने मिळालं. उमापूरच्या बाजारात माणसं त्याला जागा करून देत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी त्याने ती झाकून ठेवली, आणि उद्या येईल, परवा येईल, असं रोज स्वतःला सांगत राहिला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तर देशमुखांच्या सुनेला, विमलबाईंना, तीन महिन्यांच्या तान्ह्यासह याच मोटारीतून माहेरी पोचवायचं होतं. माहेर युसूफ वडगावला. वाटेत घाट, ओढे, चढ-उतार. तो विचार मनात आला की बंकट उठून मोटार पुसायला लागे.

आणि आजचा दिवस निभावलाही असता. देवळापासून वेशीपर्यंत सगळा उतार. बंकटने यंत्र नुसतं वाजत ठेवलं होतं आणि गेर न टाकता, बिरेकावर धरून धरून मोटार खाली आणली होती. लोक म्हणत होते, काय हळुवार हाकतो. वेशीपासून पुढे सपाटी. तिथे त्याने किलच दाबला, गेर टाकला, हातातला बिरेक सोडला. एक उडी बसेल. मोटारीची तशी रीतच असते असं लोकांना वाटेल. असा त्याचा हिशेब होता. वेशीपाशी माणसं आडवी पडतात हे तोही विसरला होता. जन्म याच गावात गेला, आणि तोही विसरला होता.

आता त्याने किलच तळापर्यंत दाबून धरला. मोटारीच्या लांब नाकाडाआडून आईचे फक्त पाय दिसत होते, भेगा पडलेल्या टाचा जोडून ठेवलेले. डोकं कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण कुठे असणार ते त्याला माहीत होतं. मोटारीच्या पोटाखाली शिरून तो रोज तिला पुसत असे. मधोमध यंत्राची तेलाची पेटी किती खाली आलेली आहे ते त्याला विताने माहीत होतं. हळू गेली तर अंग चोरून माणूस निघेल. उडी मारली तर मोटारीचं तोंड खाली दबतं आणि मग काही निघत नाही.

"माय, ऊठ," तो म्हणाला. यंत्राच्या आवाजात ते शेजारच्या सुंदररावांनाही ऐकू गेलं नाही.

मागे पंडित गुरवाने भैरोबाच्या नावाने आरोळी दिली. गर्दीने आधी अर्धवट आणि मग पोटभर चांगभलं म्हटलं. हलगी पुन्हा सुरू झाली. त्या आवाजात बंकटचा हात समोरच्या फळीवरच्या बटणाकडे गेला आणि त्याने यंत्र बंद केलं.

ती पळवाट त्याला आयत्या वेळी सुचली होती. सुंदररावांनी वळून बघितलं तेव्हा तो म्हणाला की बिघाड झालाय, बंद पडली. यंत्र आहे, बंद पडतं; त्यात गाडीवानाचा काय दोष? लोक हसतील ते मोटारीला. आई उठेल, देव पालखीत जाईल, आणि उद्याचं उद्या. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने पाय वर उचलून घेतला.

पण सुंदरराव असे हार जाणारे नव्हते. अख्ख्या गावासमोर त्यांची मोटार देवाला घेऊन अडली होती. फळीवरचं बटण पुन्हा लावून, त्याच्यावर स्वतःचाच हात ठेवून, हँडल मारा कुणीतरी, म्हणून ते ओरडले. सकाळी देवळापाशी सटवानेच हँडल मारून मोटार सुरू केली होती. अंगाने तो गावात सगळ्यांत दांडगा. तो पुढे आला. भिवराबाई उठली नव्हतीच. तिच्या दोन्ही खांद्यांशी दोन पाय रोवून तो उभा राहिला, वाकला आणि त्याने हँडल धरलं.

तेव्हा बंकटला आठवलं की गेर तसाच आहे.

गेर टाकलेला असताना हँडल मारलं की मोटार जागची उडते. माळावर एकदा तसं झालं होतं. जलालमियाँ बाजूला झेपावले म्हणून वाचले होते, आणि सोशिक माणूस असूनही त्यांनी त्या दिवशी बंकटच्या सात पिढ्या काढल्या होत्या. बंकटने दांडा धरून ओढला. दांडा हलला, पण निघाला की दुसरीकडेच जाऊन बसला, हे त्याला कळेना. ते त्याला कधीच कळत नसे, जलालमियाँ शेजारून हात घालून बघत. किलच दाबून धरावा तर पायात जीव उरला नव्हता. सटवाचे दंड फुगलेले दिसले.

"सटवा, हात काढ," बंकट म्हणाला.

सटवा वाकलेलाच राहिला. "कावून?"

"हात काढ बे. मला ही चालवता येत न्हाई."

हलगी वाजवणाऱ्याचा हात वरच्या वर राहिला. सटवाने हँडल असं सोडलं जणू ते तापलेलं होतं. कुणी हसलं नाही, याचं बंकटला नंतरही नवल वाटत राहिलं. हसले असते तर बरं झालं असतं. शे-दोनशे माणसं नुसती त्याच्याकडे बघत होती, आणि बायांनी तोंडाला पदर लावले होते.

"काय म्हणालास?" सुंदररावांनी विचारलं.

"मला येत न्हाई मालक. जाग्यावरनं उचलाया गेलो की उडी मारती. इतक्या दिसांत येक डाव बी नीट उचलली न्हाई. मी खोटं बोललो तुमाला."

सुंदररावांचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता कानाखाली वाजणार. पण तो हात फेट्यापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. त्यांचे डोळे बंकटवर नव्हते. गर्दीच्या कडेला, घरच्या बायकांसाठी पडदा धरला होता, तिकडे ते बघत होते.

"उद्या तू विमलला घेऊन," ते म्हणाले. "लेकराला घेऊन तू घाट..."

तोंडावरचा रंग उडाला होता. ते खाली उतरले, आणि उतरताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

पुढचं सटवाने कुणालाही न विचारता केलं. उपरणं डोक्यावर ठेवलं, पंडित गुरवाच्या हातातून मुखवटा घेतला, माथ्यावर धरला, आणि भिवराबाईच्या अंगावरून एक लांब पाऊल टाकून पलीकडे गेला. गुरवाने चांगभलं म्हटलं तेव्हा त्याचा आवाज फाटका निघाला. कडेला थांबलेली माणसं धावत येऊन पुढे आडवी पडू लागली. मिरवणूक मोटारीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून गेली. बंकट एकटा आत बसून राहिला, कानापर्यंत लाल झालेला, आणि जाणाऱ्यांपैकी एकानेही त्याला हाक मारली नाही.

दुपार कलल्यावर मोटार देशमुखांच्या घरी न्यायला त्याचीच जोडी आणावी लागली. गेर काही केल्या निघेना. त्यामुळे बैल पुढून ओढत होते आणि बंकट आत दोन्ही हातांनी गुडघा रेटून, वाटभर किलच दाबून बसला होता. सुंदरराव ओट्यावर उभे होते. ते त्याला एकच गोष्ट म्हणाले, तीही त्याच्याकडे न बघता: विमलबाई दमणीने जातील, चार मुक्काम पडले तरी चालतील, जोडीला आज पोटभर सरकी घाल.

बंकटने बैलांना सरकी घातली, त्यांच्या अंगावरून हात फिरवला, आणि दिवस मावळायला घरी आला. भिवराबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. पाठीवरची धूळही तिने नीट झटकली नव्हती. तो उंबऱ्यापाशी टेकला. इतक्या लोकांतून चालत आला होता, पण आईच्या समोर बसताना त्याला सगळ्यांत जड गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं की कमरेचं जुनं दुखणं गेलं का.

"कमरेला काय धाड भरली?" भिवराबाई म्हणाली. "बरी हाय की. यंदा दुखलीच न्हाई."

बंकटने मान वर केली.

"मंग आडवी कावून झालतीस?"

तिने हातातली भाकरी परातीत फिरवून मोठी केली.

"सरपणाला माळावर जाती मी रोज," ती म्हणाली. "बघत व्हते. ती मोटार काय तुझ्या इचारानं चालत न्हवती."

"मंग मला बोलायचं व्हतं माय."

"ऐकलं असतंस?"

त्याने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आज पुरे झालं होतं.

"इमलबाईच्या लेकराला मी रोज न्हाऊ घालती," भिवराबाई म्हणाली. "माझ्या पायावर. उद्याच्याला ते तुझ्या हाती जाणार व्हतं. घाटात तुला कोण इचारणार व्हतं, येतं का न्हाई म्हणून?"

चुलीतलं लाकूड तिने पुढे सारलं. बंकट तिच्या हातांकडे बघत बसला. सकाळपासून जो प्रश्न त्याने स्वतःच्या जवळ येऊ दिला नव्हता, तो आता टळेना. हँडलखालचं तिचं कपाळ त्याला त्या वेळी दिसलं नव्हतं; आता दिसत होतं.

"आन मी बोललो नसतो तर? पाय सोडला असता तर?"

भिवराबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

"मंग तरी मोटारीतनं उतरलाच असतास की," ती म्हणाली, आणि आधीची भाकरी त्याच्या ताटलीत वाढली.